सव्वा तासाचं विमान, सतरा ठिकाणी पैसे: सोय की लुबाडणूक?

मधली_सीट:
पुणे–नागपूर, मुंबई–गोवा, मुंबई–नागपूर. अशा तास-सव्वा तासाच्या उड्डाणांचं तिकीट काढताना आधी दिसणारं भाडं एक आणि शेवटी खात्यातून जाणारे पैसे दुसरेच, हे आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. ते पडायला नको होतं. सीटचे वेगळे, बॅगेचे वेगळे, खाण्याचे वेगळे आणि वर पैसे भरण्याचेही पैसे वेगळे. याला निवडीचं स्वातंत्र्य म्हणतात. माझ्या मते माणसाला थकवून पैसे काढण्याची ही रीत आहे.

पडद्यावर काय होतं ते नीट बघा. पुणे–नागपूर, एक प्रवासी, समजा ३,८०० रुपये दिसले. त्यावर बोट ठेवलं की भाड्याचे तीन-चार प्रकार उघडतात आणि पाच-सहाशे रुपयांनी महाग असलेला एक आधीच ठळक रंगात असतो. नाव-गाव भरलं की सीटचा नकाशा. प्रत्येक चौकोनावर किंमत, आणि 'सीट नको, पुढे जा' हे तळाला कुठेतरी फिकट अक्षरांत. मग खाणं, आधी चढण्याची सोय, बॅग हरवली तर भरपाई, विमा. काहीच घेतलं नाही तर मध्येच एक चौकट उघडून 'नक्की नको ना?' विचारते. सरतेशेवटी सुविधा शुल्क, तेही बहुतेक ठिकाणी माणशी आणि प्रत्येक फेरीला. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट एका दमात, एकाच कार्डावर काढलं तरी आठ वेळा. बँकेचा व्यवहार मात्र एकच झालेला असतो.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी नियमात घातली. किंमत थेंबाथेंबाने उघड करणं त्यात आहे, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवणं आहे. विमा नाकारणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असं म्हणायला लावणं हे तर त्यात उदाहरण म्हणूनच दिलंय, आणि ते उदाहरण विमान तिकिटाचंच आहे.

हिशेबनीस:
मांडणीबद्दल तुमचं सगळं मान्य. किंमत पहिल्याच पानावर पूर्ण दिसली पाहिजे. पण त्यावरून सगळं पुन्हा एकाच भाड्यात कोंबा असं म्हणणं म्हणजे आजार एक आणि औषध भलतंच.

स्वस्त विमान स्वस्त कसं होतं ते आधी बघू. एअरबस ए३२० मध्ये बिझनेसच्या १२ आणि इकॉनॉमीच्या १५० अशा १६२ सीट बसवता येतात, किंवा सगळ्या इकॉनॉमी ठेवून १८६. वैमानिक दोन्हींत दोनच. ५० सीटमागे एक या नियमाने केबिन क्रू दोन्हींत चार. उतरण्याचं शुल्क विमानाच्या वजनावर, म्हणजे तेही जवळपास तेच. त्याच खर्चात २४ माणसं जास्त. त्यासाठी दोन रांगांमधलं अंतर २८-२९ इंचांवर येतं आणि गुडघे पुढच्या सीटला टेकतात. सव्वा तासासाठी बहुतेकांना ते चालतं.

दुसरी गोष्ट जमिनीवरच्या वेळेची. स्वस्त कंपनीचं विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत २५ ते ३० मिनिटं धरलेली असतात. गरम जेवण, बिझनेसची वेगळी तयारी असेल तर ४५ ते ६०. प्रत्येक फेरीमागे २० मिनिटं वाचली आणि दिवसात सात फेऱ्या झाल्या तर १४० मिनिटं झाली. तेवढ्यात त्याच विमानाची पुणे–नागपूरसारखी आणखी एक फेरी बसते. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनने हुबळी–बंगळूरपासून सुरुवात केली ती याच हिशेबावर, आणि पुढे सगळे त्याच वाटेने गेले.

आता एकच भाडं केलं तर काय होईल? सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन जाणारा आणि संध्याकाळी परतणारा माणूस दुसऱ्याच्या १५ किलोचे आणि सँडविचचे पैसे भरेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, चेक-इन बॅग नसलेल्यांना सवलतीचं भाडं द्यायला परवानगी दिली. एअर इंडिया एक्सप्रेसने २०२४ मध्ये तसं भाडं आणलं. ज्याला बॅग नको त्याचा यात थेट फायदा आहे.

धावपट्टी:
बॅगेचे पैसे खर्चावरून ठरतात असं गृहीत धरून बोलायचं असेल तर आकडे मांडू. जड विमान जास्त इंधन पितं. ढोबळ नियम असा की जादा वजनाच्या तीन ते चार टक्के इंधन दर तासाला जादा जळतं. १५ किलोची बॅग सव्वा तास नेली तर ०.५५ ते ०.७५ किलो. विमान इंधन किलोलिटरला ९०,००० रुपये धरा. एका लिटरचं वजन साधारण ८०० ग्रॅम, म्हणजे एक किलो इंधन ११२ रुपयांना पडलं. अख्ख्या बॅगेचं इंधन झालं ६० ते ८५ रुपयांचं. किलोमागे चार ते सहा रुपये.

काउंटरवर १५ च्या वरच्या प्रत्येक किलोला पाचशे रुपयांच्या पुढे मागतात. शंभर पट. याला खर्च म्हणायचं कसं?

हिशेबनीस:
@धावपट्टी, इंधनाचा हिशेब बरोबर आहे, पण बॅगेचा खर्च मुळात इंधनात नसतो.

ए३२० च्या पोटातली जागा जेमतेम सव्वा मीटर उंच. आपल्याकडच्या स्वस्त कंपन्या बहुतेक वेळा त्यात डबे न वापरता बॅगा सुट्याच रचतात. पट्ट्यावरून आलेली प्रत्येक बॅग आत गुडघ्यांवर बसलेला लोडर ओढतो, मागच्या भिंतीपर्यंत सरकवतो, जड खाली आणि हलकी वर लावतो, शेवटी जाळी ओढून हुक अडकवतो. मे महिन्यात नागपूरला त्या पोटात काय तापमान असेल याची कल्पना करा. बॅगा वाढल्या की माणसं वाढवायची किंवा वेळ वाढवायचा, आणि वेळ वाढला की वर सांगितलेली जादा फेरी जाते. शिवाय मोकळ्या जागेत माल जातो, त्याचे पैसे मिळतात.

पाचशे रुपये हा वाहतुकीचा खर्च नाही हे मलाही मान्य आहे. आयत्या वेळी वजन आणू नका, आधी सांगा, यासाठी तो दर लावलेला आहे. विमानाचं वजन कुठे किती आहे याचा तक्ता सुटण्याआधी बंद करावा लागतो, त्यावर वैमानिक उड्डाणाचे वेग ठरवतो. आधी घेतलेलं जादा वजन काउंटरपेक्षा स्वस्त असतं ते म्हणूनच.

धावपट्टी:
मग त्याला दंड म्हणा आणि तिकिटावर तसा छापा. 'जादा सामान शुल्क' या नावाखाली दंड घेऊ नका. जो माणूस वर्षातून एकदा विमानाने जातो त्याला आधीचा दर आणि काउंटरचा दर यातला फरक काउंटरवरच कळतो, आणि तेव्हा मागे रांग असते.

वैनगंगा:
वाद चालू राहू द्या, पण वजनाबद्दल कामाचं काही सांगतो, कारण निम्मे पैसे इथेच जातात.

केबिन बॅग ७ किलो, आकार साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते, म्हणजे हातात उरले चार किलो. साधी कापडी बॅग ८०० ग्रॅमची असते. नुसती बॅग बदलली की दोन किलो सुटतात. हुकाचा वजनकाटा तीन-चारशे रुपयांना मिळतो, घरी १४.५ वर थांबा, कारण दोन काट्यांत अर्ध्या किलोचा फरक सहज पडतो.

काही कंपन्या १५ किलो एकाच नगात मोजतात. नागपूरहून निघताना एक बॅग आणि वर संत्र्यांची पेटी असे दोन नग झाले, तर दोन्ही मिळून बारा किलो असले तरी जादा नगाचे पैसे पडतात. पेटी मोठ्या बॅगेत बसत असेल तरच आणा, नाहीतर संत्री कापडी पिशवीत घालून केबिनच्या ७ किलोत धरा.

कोकणातून किंवा गोव्यातून येणाऱ्यांनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत ठेवू नयेत. त्यात तेल भरपूर, ज्वलनशील माल म्हणून ते चेक-इन बॅगेतून काढायला लावतात. तोवर बॅग पट्ट्यावरून आत गेलेली असते आणि तुम्हाला परत बोलावलं जातं. पॉवर बँकही चेक-इनमध्ये अजिबात नाही, ती हातातल्या बॅगेतच, आणि १०० वॅट-तासांपर्यंत. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॅट-तास, ती चालते.

सांजवारा:
बॅगेवर इतकं लिहिलंत, पण सीटचं काय? बॅग हलकी करता येते, मुलाचं वय नाही करता येत.

आई-वडील आणि दोन मुलं. चौघांना एकत्र बसायचंय, एवढीच मागणी. जाताना चार सीट, येताना चार सीट, प्रत्येकीचे २५० ते ४०० रुपये धरले तरी दोन-तीन हजार नुसते एकमेकांशेजारी बसण्याचे झाले. याला निवड म्हणत नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला ९ बी मध्ये आणि आईला २४ ई मध्ये बसवण्याची भीती दाखवायची आणि ती भीती घालवण्याचे पैसे घ्यायचे, असं ते आहे.

हिशेबनीस:
@सांजवारा, यावर नियम आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी सीट दिली पाहिजे आणि त्याची नोंद ठेवली पाहिजे. म्हणून मुलं बरोबर असतील तर सीटच्या पानावर काहीच घेऊ नका, पुढे जा. वेब चेक-इन करताना सीट लांब पडली तर काउंटरवर जाऊन हा नियम सांगा. बोर्डिंग पास काउंटरवर घेतला म्हणून वेगळे पैसे लावता येत नाहीत. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने ते बंद केलं.

सांजवारा:
नियम ठाऊक आहे. तो एका पालकापुरता आहे, कुटुंबापुरता नाही. तेरा वर्षांच्या मुलाला नाही, सत्तरीच्या आजीला नाही. आणि 'एकाच पीएनआरवर' ही अट नीट वाचा. स्वस्त तिकिटासाठी सगळीकडे सल्ला काय देतात? चौघांचं एकदम शोधू नका, एकेकाचं शोधा. तो सल्ला पाळला की पीएनआर वेगळे झाले आणि नियम गेला.

धावपट्टी:
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा उलगडून सांगतो.

विमानातल्या सगळ्या सीट एकाच भावाने विकत नाहीत. भावाच्या पायऱ्या असतात. समजा ३,२०० च्या पायरीवर दोनच जागा उरल्यात आणि पुढची पायरी ३,९०० ची. तुम्ही चार प्रवासी टाकून शोधलंत तर यंत्रणा चारही जागा मिळतील अशी पायरी बघते आणि चौघांनाही ३,९०० दाखवते. दोन-दोन करून काढलं तर पहिल्या दोघांचे सातशे-सातशे वाचतात. म्हणून आधी एक प्रवासी टाकून भाव बघा, मग चार टाकून. दोन्ही सारखे असतील तर एकाच पीएनआरवर घ्या. फरक असेल तर लहान मूल आणि एक पालक अशा जोड्या करून दोन तिकिटं काढा. प्रत्येक मूल कोणा मोठ्याच्या पीएनआरवर राहील. आजी-आजोबांना एकेकट्याने वेगळ्या पीएनआरवर टाकू नका. उड्डाण रद्द झालं किंवा वेळ बदलली तर पर्यायी जागा पीएनआरप्रमाणे मिळते आणि एकाच घरातली माणसं दोन वेगळ्या विमानांत जाऊन पडतात.

सीटबद्दल माझं मत दोघांच्या मधलं आहे. पुढची रांग, आपत्कालीन दरवाजाशेजारची जास्त पाय पसरता येणारी रांग, यांचे पैसे खुशाल घ्यावेत. (एक सांगून ठेवतो: आपत्कालीन दरवाजाच्या लगेच पुढची रांग मागे झुकत नाही, वाट मोकळी राहावी म्हणून. ती पैसे देऊन घेऊ नये.) पण मागच्या मधल्या सीटलाही किंमत लावणं, हे कशाचे पैसे आहेत? ती सीट कोणालाच नको असते. तिथे किंमत लिहिण्याचं एकच कारण दिसतं, पैसे दिल्याशिवाय सीट मिळणारच नाही असं नवख्याला वाटावं.

मधली_सीट:
@धावपट्टी, हेच तर मी म्हणतेय. वरच्या दोन प्रतिसादांत जेवढी माहिती आहे तेवढी असेल तरच पहिल्या पानावरचं भाडं खरं ठरतं. ज्याला ती नाही तो हजार-दीड हजार जास्त देतो. स्वस्त भाड्याचा भार माहिती नसलेल्यांवर पडतो, आणि हा वर्ग नेमका पहिल्यांदा विमानात बसणारा असतो.

हिशेबनीस:
हे मात्र खोडता येत नाही.

वैनगंगा:
मला वाटतं आपण सगळे चुकीच्या जागी भांडतोय. अडीचशे रुपयांची सीट ही किरकोळ गोष्ट आहे. सव्वा तासाचं विमान पाच तास उशिरा सुटलं की त्याचा काही अर्थच उरत नाही, आणि स्वस्त कंपनीची खरी किंमत तिथे मोजावी लागते.

हिशेबनीसांनी २५ मिनिटांचं कौतुक केलंय. त्याची दुसरी बाजू बघा. एकच विमान सकाळी सहाला दिल्लीहून पुण्याला, तिथून नागपूर, परत पुणे, मग बंगळूर, असं दिवसभर फिरतं. प्रत्येक थांब्यावर मिनिटं मोजून दिलेली. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात पहिली फेरी दोन तास अडकली की संध्याकाळच्या पुणे–नागपूरचे दोन तास सकाळीच गेलेले असतात. पुण्यात आभाळ निरभ्र, नागपुरात निरभ्र, आणि प्रवाशाला कारण सांगतात 'परिचालनाचं'.

म्हणून तिकीट काढताना भावाआधी वेळ बघा. रात्री जे विमान तुमच्याच विमानतळावर मुक्कामाला असतं त्याची सकाळची पहिली फेरी सहसा वेळेवर सुटते. प्रवासाच्या दिवशी विमान कुठून येतंय ते फ्लाइटरडार ॲपवर दिसतं. ते मागच्या गावाहूनच निघालं नसेल तर मोबाइलवर आलेली 'वेळेवर' ही अक्षरं धरून चालू नका.

सांजवारा:
पहिली फेरी हा सल्ला डिसेंबर-जानेवारीत उलटा पडू शकतो. धुकं तुमच्याच विमानतळावर असेल तर सगळ्यात आधी पहिलीच फेरी अडकते. नागपूरला थंडीत पहाटे असं होतं. त्या दोन महिन्यांत सकाळी नऊ-दहाची वेळ बरी.

हिशेबनीस:
उशिराबद्दल प्रवाशाचे हक्क आहेत, ते कोणी मागत नाही एवढंच.

अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, तुमच्या निवडीने. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल.

रद्द झालं आणि तुम्हाला आधी कळवलंच नाही, तर पैसे परत किंवा पर्यायी विमान, शिवाय भरपाई: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्यावर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती. तिकीट पक्कं असून जागा नाही म्हणून चढू दिलं नाही आणि पुढचं विमान तासाभरात दिलं नाही, तर मूळ भाडं व इंधन शुल्क मिळून जे होईल त्याच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,०००. चोवीस तासांत दिलं नाही तर चौपट, जास्तीत जास्त २०,०००.

मधली_सीट:
'यातली जी कमी असेल ती.' तेवढ्या पाच शब्दांत सगळी भरपाई विरघळते. मूळ भाडं २,४०० असेल तर ७,५०० चा आकडा कागदावरच राहिला. आणि हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप, सुरक्षा ही कारणं 'असाधारण परिस्थिती'त मोडतात, तिथे भरपाई नाही.

मुख्य म्हणजे उशिराला रोख भरपाई आपल्याकडे नाहीच. युरोपात २००४ च्या नियमात १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो आहेत, आणि न्यायालयाच्या निकालानंतर तीन तासांहून जास्त उशीर झाला तरी ते लागू होतात. तिकीट वीस युरोचं असलं तरी २५० च. तिथल्या स्वस्त कंपन्या बॅग, सीट, काउंटरवरचं चेक-इन, सगळ्याचे पैसे आपल्यापेक्षा कडकपणे घेतात. पण विमान लांबवलं तर त्यांच्या खिशाला खार लागतो. आपल्याकडे सुटं सुटं विकण्याची रीत आली, तिच्या जोडीचा वचक आला नाही.

धावपट्टी:
मधली_सीट यांच्या या मुद्द्याला पूर्ण दुजोरा.

डिसेंबर २०२५ आठवा. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम त्याआधीच लागू झाले होते, आठवड्याची सलग विश्रांती ४८ तासांवर आली, रात्रीची उतरणी मर्यादित झाली. नियम एकाएकी आले नव्हते, बऱ्याच आधीपासून माहीत होते. तरी इंडिगोकडे वैमानिक कमी पडले आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. बाकीच्या कंपन्यांचे भाव इतके चढले की सरकारला तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,०००, त्यापुढे १८,०००. यंत्रणेत ढील अजिबात ठेवली नाही की स्वस्ताई कुठून फाटते ते तेव्हा दिसलं. २५ मिनिटांत विमान फिरवायचं, वैमानिकांची संख्या जेमतेम ठेवायची आणि एकाच कंपनीकडे निम्म्याहून जास्त बाजार, हे तिन्ही एकत्र आलं.

हिशेबनीस:
बाजार एकाच हातात जाणं हे दुखणं आहे, मान्य. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हापासून ते वाढलंच. पण त्यावर उपाय आणखी कंपन्या उभ्या राहणं हा आहे, भाडं एकत्र करणं नाही. आणि भरपाई युरोपासारखी सक्तीची केली तर तो खर्च भाड्यात येणार, हेही म्हणा.

मधली_सीट:
येऊ दे. उघडपणे, पहिल्या पानावर येऊ दे. वेळेवर पोचवण्याचे पैसे मी सीटच्या पैशांपेक्षा आनंदाने देईन.

सुकी_बोंबील:
गोव्याला जाणाऱ्यांसाठी एक मुद्दा कोणी काढला नाही. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. तिकिटात पाच-सातशेचा फरक दिसला की लोक मोपाचं काढतात. पेडणे, मांद्रे, हरमल, सावंतवाडी, वेंगुर्ल्याला जायचं असेल तर मोपाच बरं. पणजी मोपाहून साधारण ३५ किलोमीटर. पण मडगाव, काणकोण, पाळोळे गाठायचं असेल तर मोपाहून टॅक्सीला लागणारे जादा पैसे तिकिटातली बचत खाऊन वर उरतात. कदंबच्या बस मोपाहून सुटतात, पणजीला आणि मडगावला, त्या वेळा आधी बघून विमान निवडा. रात्री अकराला उतरणारं सगळ्यात स्वस्त विमान हे बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतं.

वैनगंगा:
अगदी. पुणे–नागपूरचा हिशेबही दारापासून दारापर्यंत मांडावा. घर ते लोहगाव एक तास, आत दीड तास आधी, उड्डाण एक तास पंचवीस मिनिटं, बॅग आणि शहर मिळून पाऊण तास. साडेचार-पावणेपाच तास. ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारत आहे, ८८१ किलोमीटर, बारा तास, बसून. वेळेवरचं विमान तिला सात तासांनी हरवतं, पाच तास लांबलेलं विमान दोनच तासांनी. तीन आठवडे आधी आणि मंगळवार-बुधवार काढलं तर विमान परवडतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याच सीटचा भाव तिप्पट झालेला असतो, तेव्हा रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडताच घेऊन ठेवावं.

छोट्या गावांना जाणाऱ्या एटीआरचं, म्हणजे पंख्यांच्या लहान विमानाचंही दोन ओळीत सांगतो. दोन-दोनच्या रांगा, मधली सीट नाही, ७० ते ७८ जण. मागच्या दाराने चढतात म्हणून मागची सीट घेतली तर आधी उतरता. वरचे कप्पे लहान, त्यामुळे चाकांची बॅग शिडीपाशीच काढून घेतात. किल्ल्या, औषधं, पॉवर बँक वेगळ्या छोट्या पिशवीत आधीच काढून ठेवा. मे महिन्यात दुपारी तापलेल्या विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते. धावपट्टी आखूड असेल तर वजन कमी करावं लागतं आणि सामान पुढच्या फेरीने येतं.

नवी_पालवी:
सगळं वाचलं. एक विचारायचं होतं. 'परतावा नाही' असं लिहिलेलं तिकीट रद्द केलं तर खरंच काहीच मिळत नाही का? विमान चुकलं तर?

हिशेबनीस:
मिळतं. रद्द करण्याचे पैसे मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापेक्षा जास्त कापता येत नाहीत. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात, तिकीट कसलंही असो, तुम्ही रद्द केलेलं असो किंवा विमानतळावर पोचलाच नसाल. तिकिटाचा तपशील उघडा. त्यात सुरक्षा शुल्क २३६ रुपये दिसेल, २०० अधिक जीएसटी. त्याखाली विमानतळ वापर शुल्क, ते प्रत्येक विमानतळाचं वेगळं. या ओळींची बेरीज करा. सुविधा शुल्क बहुधा जातं.

कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून आधी रद्द करा, मग परताव्याचा अर्ज भरा. विमान चुकलं असेल तर थेट अर्ज. परतावा देण्यासाठी वेगळं प्रक्रिया शुल्क लावता येत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर सात दिवसांत खात्यावर यायला हवेत. पैसे कंपनीच्या पाकिटात ठेवायचे की खात्यावर घ्यायचे हे तुम्ही ठरवायचं, त्या पानावर आधीच खूण केलेली असेल तर ती काढा. नावात चूक असेल आणि तिकीट कंपनीच्याच संकेतस्थळावर काढलं असेल, तर चोवीस तासांत सांगितल्यास दुरुस्ती फुकट होते.

नाही आले तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार. तिकिटाची प्रत, रद्द केल्याचा संदेश आणि बँकेची नोंद जोडा. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

मधली_सीट:
@नवी_पालवी, एजंटकडून किंवा तिकिटांच्या ॲपवरून काढलं असेल तर परतावा त्यांच्यामार्फत येतो आणि त्यांचं स्वतःचं शुल्क वेगळं कापलं जातं. दोन्ही कपाती ओळीने लिहून मागा. अर्ज आजच भरा.